नोंदवहीतला शेरा

गंजीत हात घातला आणि शेठनी तो चटकन बाहेर ओढला. डिसेंबरातली पहाट होती. फाटकाजवळ हमाल कानटोप्या घालून शेकोटीभोवती बसले होते, बोलताना प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती. कापसाच्या गंजीच्या पोटात मात्र नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखी ऊब होती. वरचा थर पांढरा, कोरडा, हाताला हलका. कोपरभर आत गेलं की दमट. त्याच्याही आतून मूठभर ओढून काढला तर पिवळसर, आणि नाकाजवळ नेला तर कुबट.

ओला कापूस रचून ठेवला की आतून तापतो. सरकी हे शेवटी बीच असतं, ओल मिळाली की जागं होतं, ऊब धरतं, आणि ती ऊब रुईचा रंग घालवते. शेठना हे कुणी सांगायची गरज नव्हती, तीन पिढ्या कापसात गेल्या होत्या. त्यांनी गंजीकडे पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "हा माल घेतला कुणी?"

हमालांनी ऑफिसच्या बंद दाराकडे पाहिलं. मॅनेजर नऊला यायचे.

शेठचं किंवा जिनिंगचं नाव सांगत नाही. आदिलाबादहून भोरजकडे, पुढे पैनगंगेच्या पुलाकडे जाणाऱ्या महामार्गाच्या आसपास अशा कितीतरी जिनिंग आहेत, आणि जे इथे घडलं ते त्यांतल्या कुठेही घडू शकलं असतं. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, पश्चिमेला किनवट, मधे आदिलाबादचा बाजार. कापूस दोन्ही बाजूंनी येतो. बेल्याचा शेतकरी मराठीत भाव विचारतो, गुडिहतनूरचा तेलुगूत, उटनूरकडचा गोंड आपापसात गोंडी बोलून मग मराठीवर येतो, आणि टेम्पोवाला सगळ्यांशी दखनीत भांडतो.

या बाजारात त्या जिनिंगची खरेदी चौदा वर्षं एका माणसाच्या हातात होती. सगळे त्याला मामा म्हणत. मामाजवळ ओल मोजायचं मीटर होतं, पण ते तो शेतकऱ्याला दाखवण्यापुरतं वापरायचा. त्याआधी गाडीवर चढून, मधलं गाठोडं सोडायला लावून, कोपरापर्यंत हात घालायचा. मग दोन-तीन सरक्या काढून दाढेखाली धरायचा. सुकी सरकी कट्‌ करून फुटते. ओली दबते, आवाज करत नाही. "मीटर वरचं सांगते जी, दाढ आतलं सांगते," असं त्याचं म्हणणं. कवडी, म्हणजे किडका डागी कापूस, किती, पाणी मारलंय की दवाने ओलावलंय, पहिल्या वेचणीचा की फरदडीचा, हे तो गाडीवरून उतरायच्या आत सांगायचा. आणि 'नाही' म्हणायचा तेव्हा अशा आवाजात म्हणायचा, की माणूस रागावण्याऐवजी दोन दिवस कापूस वाळवून परत त्याच्याचकडे यायचा.

भाद्रपदात मामाने पगारात चार हजार वाढवून मागितले. बावीसचे सव्वीस. शेठ म्हणाले, "दिवाळीनंतर बघू." मामा काही बोलला नाही. घटस्थापनेला तो पांढरकवड्याच्या एका जिनिंगवर रुजू झाल्याचं शेठना दुसऱ्याकडून कळलं.

दसऱ्याला नऊ दिवस होते. दसऱ्याला यंत्रांची पूजा, मुहूर्त, आणि मग आवक. शेठच्या छातीत धडकी भरली. त्यानंतर जे झालं ते त्या धडकीने केलं, असं मला वाटतं. मुलगा हैदराबादहून शिकून आलेला. तो म्हणाला, "बाबा, मामाच्या भरवशावर धंदा चालवायचे दिवस गेले. शिकलेला मॅनेजर घ्या." त्याने चार जणांचे अर्ज मागवले. त्यांतला एक कुणालाही आवडावा असाच होता. सोलापूरकडच्या एका सूतगिरणीत सतरा वर्षं काढलेला, वस्त्रोद्योगाची पदविका, संगणक येतो, हिशेब चोख, घरी तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणारा. भाषेचीही अडचण नाही! शेठनी त्याला ऑफिसात बसवून चहा दिला. गाव कुठलं, मुलं किती, आधी पगार काय होता, कधी येऊ शकाल. चाळीस मिनिटांत पंचेचाळीस हजारांवर ठरलं.

त्या चाळीस मिनिटांत खिडकीखाली कापसाने भरलेला एक टेम्पो उभा होता. त्याच्यापर्यंत त्या माणसाला कुणी नेलं नाही.

बैल घ्यायला गेलेला शेतकरी मी पाहिला आहे. तो दात मोजतो, खूर उचलून बघतो, चालवून बघतो, विकणाऱ्याने परवानगी दिली तर औताला जुंपून बघतो, आणि शेवटी बैल का विकता म्हणून दोनदा विचारतो. तोच शेतकरी पुढे जिनिंगचा मालक झाला की ज्याच्या हातून हंगामात कोट्यवधींचा माल जाणार आहे तो माणूस खुर्चीत बसवून, चहा पाजून घेतो. हे मला कधीच समजलेलं नाही.

सोलापूरचा माणूस रुई ओळखत होता. गाठ समोर ठेवली तर तंतूची लांबी, जाडी, मजबुती यांवर तो तासभर बोलला असता. पण त्याच्या गिरणीत कापूस आला तो नेहमी रुई होऊन, १७० किलोच्या बांधलेल्या गाठीत. सरकीसकट, शेतातून आलेला, रात्री साडेआठला टेम्पोतून उतरणारा कापूस त्याने सतरा वर्षांत हाताळला नव्हता. हे त्याने लपवलंही नव्हतं. अर्जात लिहिलेलंच होतं, फक्त वाचणाऱ्याला 'कापूस' एवढाच शब्द दिसला.

आता त्या हंगामाचं थोडं सांगायला हवं. २०२४-२५ साली लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल होता. तो मिळतो भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत, आणि तिथे ओलीचा नियम कडक असतो. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, १२ च्या वर गाडी परत. सकाळच्या दवात वेचलेला, घाईने भरलेला कापूस बारा ओलांडतोच. मग ती परत पाठवलेली गाडी जाते कुठे? टेम्पोचं भाडं चढत असतं, शेतकरी उपाशी असतो, घरी उधारी असते. संध्याकाळ झाली की त्या गाड्या खासगी जिनिंगच्या फाटकावर लागतात, आणि शेतकरी पडेल त्या भावाला तयार होतो. मामाच्या काळात या गाड्यांना रात्री फाटक उघडत नसे. "सकाळी या, ऊन पडू द्या," म्हणून तो त्यांना आवारात झोपायला जागा द्यायचा, पोरांना चहा द्यायचा, पण माल उजाडल्यावरच बघायचा. ही पद्धत कुठेही लिहिलेली नव्हती. मामा गेला तशी तीही गेली.

नवे मॅनेजर सरळ माणूस होते. प्रत्येक गाडीला मीटर लावायचे आणि आकडा नोंदवहीत उतरवायचे. मीटर ते वरच्या थरात खुपसायचे, कारण वर चढून गाठोडं सोडायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हमालांनाही वाटलं, एवढा शिकलेला माणूस, आपण कशाला बोलावं?

त्या पहाटे शेठनी गंजीत सात ठिकाणी स्वतः मीटर घातलं. सरासरी १६ आली. ९०० क्विंटलची गंज होती आणि भाव पडला होता ६,८०० च्या आसपास. आठ टक्के ओल धरून दिलेला भाव, आणि प्रत्यक्षात सोळा. म्हणजे दर क्विंटलला आठ किलो पाणी. बहात्तर क्विंटल पाण्याचे त्यांनी चार लाख एकोणनव्वद हजार रुपये मोजले होते. पुढे रुई पिवळी निघाली म्हणून व्यापाऱ्याने खंडीमागे तीन हजार कापले, ते आणखी अडीच लाखांच्या घरात. मामाने मागितलेली वाढ हंगामाच्या पाच महिन्यांची वीस हजार झाली असती.

नऊला मॅनेजर आले. शेठ आवारातच, हमालांसमोर, त्यांच्यावर ओरडले. मॅनेजर म्हणाले, "शेठजी, नोंदवही बघा, मी त्यात…" शेठ म्हणाले, "नोंदवही चुलीत घाला." आठ दिवसांत खोली रिकामी करायला सांगितली. मॅनेजरच्या बायकोने दिवाळीनंतरच इथे संसार मांडला होता. मुलीला सोलापूरच्या शाळेतून काढून इथल्या शाळेत घातलं होतं, तिथलं मंडळ वेगळं, पुस्तकं वेगळी, तेलुगू विषय नव्याने. ते सगळं पुन्हा गुंडाळून कुटुंब नांदेडच्या गाडीत बसलं. अनुभवाचं पत्र मागितलं तेव्हा शेठनी दिलं नाही.

दुसरा माणूस चार दिवसांत आला. शेठच्या मेहुण्याने पाठवलेला, बोलण्यात चटपटीत, सगळ्या अडत्यांना नावाने ओळखणारा. शेठना वाटलं, पहिला पुस्तकी होता, हा बाजारातला आहे. पहिल्याने केलेली चूक जो करणार नाही तो माणूस त्यांना हवा होता, आणि तेवढंच त्यांनी पाहिलं. एकोणीस दिवसांनी वजनकाट्यावरच्या पोराने सांगितलं की हे साहेब व्यापाऱ्यांच्या गाड्यांवर क्विंटलमागे दहा रुपये घेतात. त्याच्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

पौष अमावास्येला शेठ दरवर्षी केसलापूरला जातात. इंद्रवेल्लीजवळचं हे नागोबाचं ठाणं. मेस्राम कुळाचे गोंड अनवाणी चालत गोदावरीचं पाणी आणतात, अमावास्येच्या रात्री त्या पाण्याने महापूजा होते आणि जत्रा भरते. शेठचे अनेक शेतकरी त्या बाजूचे. तिथे दुकानांच्या रांगेत त्यांना निवृत्त गुरुजी भेटले. जमातीने गोंड, उटनूरच्या पलीकडचे, वय ऐंशीला टेकलेलं. त्यांच्या घरचा कापूस दहा वर्षं याच जिनिंगला येत होता. यंदा आला नव्हता.

"गुरुजी, यंदा गाडी दिसली नाही."

"मामा दिसला नाही, शेठजी," गुरुजी म्हणाले. "पोरगं एकदा आलं होतं तुमच्याकडे. साहेबांनी आकडा वाचून दाखवला, कापसाला हात लावला नाही. पोरगं म्हणालं, तिथं आता कोणी ओळखत नाही."

शेठनी सगळी हकिगत सांगितली. माणसं मिळत नाहीत, मिळतात ती निकामी, शिकलेला आणला तर असा, आपला आणला तर तसा. गुरुजी बराच वेळ ऐकत होते. समोर मेस्राम कुळातल्या नव्या सुनांची रांग देवळाकडे निघाली होती, पांढऱ्या साड्या, तोंडावर पदर, पुढे वडीलधाऱ्या बाया.

"हे काय चाललंय ठाऊक आहे?" गुरुजींनी विचारलं.

"भेटिंग. नव्या सुनांची देवाला भेट."

"देवाला, आणि कुळातल्या मोठ्यांनाही. लग्न होऊन घरात आली तरी ही भेट होईपर्यंत ती पुरती कुळात आली असं आम्ही धरत नाही. मोठ्या बाया प्रत्येकीला हाताला धरून नेतात, हिच्या पाया पड, ही अमकी, ती तमकी." ते थोडं थांबले. "तुम्ही त्या सोलापूरवाल्याला आणलं, तेव्हा कोणाकोणाची भेट घातली?"

शेठना उत्तर सुचेना. पहिल्या दिवशी त्यांनी जिन्यावरूनच ओरडून सांगितलं होतं, हे नवे मॅनेजर, सांगतील तसं करा. हमालांच्या मुकादमाशी, काट्यावरच्या पोराशी, कवडी निवडणाऱ्या बायांशी त्या माणसाला कुणी चार शब्द बोलायला बसवलं नव्हतं. ज्यांना मामाची पद्धत ठाऊक होती ते सगळे आवारातच होते.

गुरुजींनी मग आपल्या वडलांची गोष्ट काढली. १९४० साली जोडेघाटला निजामाविरुद्ध उठलेला गोंडांचा पुढारी कुमराम भीम मारला गेला, त्यानंतर निजाम सरकारला प्रश्न पडला की हे गोंड का पेटले. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हैमेंडॉर्फ नावाचा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ याच भागातल्या मारलावाई गावी येऊन राहिला, गोंडी शिकला. त्याने सरकारला सांगितलं की या लोकांसाठी शाळा हव्यात. आता मास्तर आणायचा कुठून?

"संस्थानात मास्तर होते," गुरुजी म्हणाले. "उर्दू शिकलेले, परीक्षा पास झालेले. अर्ज मागवले असते तर आले असते. पण काम काय होतं ते बघा. जंगलातल्या गुड्यावर, म्हणजे पाड्यावर राहायचं, पोरांशी गोंडीत बोलायचं, पावसाळ्यात ओढे चढले की महिना महिना बाहेर पडायचं नाही, आणि घरच्यांना विश्वास वाटला पाहिजे की हा पोरांना पळवून नेणार नाही. हे परीक्षा पास झालेल्याला कोण शिकवणार? म्हणून त्यांनी उलटं केलं. थोडंफार लिहितावाचता येणारी आमचीच मोठी माणसं घेतली आणि १९४३ मध्ये मारलावाईला त्यांना मास्तरकी शिकवायचं केंद्र काढलं. गोंडीची पुस्तकं देवनागरीत छापली, कारण आमच्या लोकांना मराठी कानावरची होती. माझे वडील तिथे शिकले. अक्षरं शिकवता येतात, शेठजी. गुड्यावर राहणं शिकवता येत नाही, ते ज्याला येत होतं त्यालाच अक्षरं शिकवली."

मराठी वाचकांना इतिहासकार म्हणून परिचित असलेले सेतुमाधवराव पगडी याच भागात निजामाच्या नोकरीत होते. तेही गोंडी शिकले, त्या भाषेचं व्याकरण लिहिलं. खुर्चीवर बसण्याआधी त्या खुर्चीपुढे कोण येऊन उभं राहणार आहे हे समजून घेणारी माणसं या जिल्ह्याने पाहिली आहेत. मारलावाईत आज हैमेंडॉर्फ आणि त्यांच्या पत्नी बेट्टी यांच्या समाध्या आहेत, आणि गावकरी त्या सांभाळतात.

जत्रेहून परतल्यावर शेठनी नवी जाहिरात दिली नाही. ऑफिसातून एक स्टूल उचललं आणि फाटकाजवळ जाऊन बसले. नऊ दिवस बसले. मुलगा म्हणाला, "बाबा, हंगाम चाललाय, तुम्ही हे काय करताय?" शेठ म्हणाले, "मामा काय करत होता ते बघतोय." पहिल्या दोन दिवसांत त्यांना कळलं की खरेदी करणाऱ्या माणसाचा निम्मा वेळ कापूस बघण्यात जातच नाही. तो जातो नकार देण्यात, नकार दिलेल्या माणसाला पुन्हा येण्याइतपत राखण्यात, आणि व्यापाऱ्यांची गाडी शेतकऱ्याच्या रांगेत घुसू न देण्यात. तिसऱ्या दिवशी मुकादमाने त्यांना गाठोडं मधून कसं सोडायचं ते दाखवलं. तीन पिढ्यांचा कापसाचा धंदा, आणि मालकाने कित्येक वर्षांत सरकी दाढेखाली धरली नव्हती.

दहाव्या रात्री, या माणसाकडून नक्की काय हवंय ते लिहून काढायचं म्हणून शेठनी सोलापूरवाल्याची नोंदवही उघडली. तारीख, गाडी, गाव, वजन, मीटर, भाव, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. अक्षर मोत्यासारखं. त्या गंजीत एकतीस गाड्या गेल्या होत्या. तेरा गाड्यांपुढे मीटरचा आकडा नऊ-दहा होता. तिथे मॅनेजर खरोखरच चुकले होते, वरचा थर मोजून फसले होते. उरलेल्या अठरा गाड्यांपुढे चौदा, पंधरा, साडेपंधरा असे आकडे होते आणि प्रत्येकीच्या शेऱ्यात जवळजवळ तेच शब्द होते: 'ओल जास्त. परत पाठवावी असे वाटते. शेठजींच्या फोनवरून घेतली.'

शेठ पानं उलटत राहिले. लग्नसराई होती, ते रोज कुठल्यातरी मांडवात होते. कुणीतरी फोन करायचं, माझ्या ओळखीच्याची गाडी तुमच्या फाटकावर अडकलीय. शेठ मॅनेजरला फोन लावायचे, "घेऊन टाका हो, आपलाच माणूस आहे." त्यांना असे दोन-तीन फोन आठवत होते. अठरा आठवत नव्हते.

त्या रात्री त्यांनी काट्याच्या पावतीच्या पाठीवर लिहिलं. पहिली ओळ कापसाबद्दल नव्हती. ती होती, 'याच्या नाहीवर मी फोन करणार नाही.'

उमेदवार तीन बोलावले, आणि मुलाखत आवारात ठेवली. प्रत्येकाला दोन दिवसांची मजुरी आधीच दिली, म्हणजे नेमलं नाही तरी कुणाचा दिवस फुकट जाऊ नये. फाटकावर उभ्या असलेल्या तीन गाड्या दाखवल्या आणि शेठ लांब जाऊन बसले. पहिल्याने मीटर लावलं, आकडे सांगितले. दुसऱ्याने कापसाआधी गाडीवाल्याचं गाव, अडत्याचं नाव विचारलं. तिसरा बेला मंडळातला पोरगा, तीस-बत्तीसचा, आधी दोन जिनिंगवर काम केलेला. त्याने मुकादमाला हाक मारून विचारलं, "दादा, मधलं गाठोडं सोडता का?" पहिली गाडी घेतली, दुसरी परत केली. तिसरीपाशी अडला. सरकी चावली, पुन्हा चावली.

"शेठजी, ही मले समजून नाही राहिली. सरकी सुकी लागते, रुई जड लागते. अर्धा घंटा उन्हात पसरू द्या, मग सांगतो."

मीटरवाल्याने तिसऱ्या गाडीचाही आकडा ठणकावून सांगितला होता. शेठनी ताडपत्री मागवली.

कापूस उन्हात पसरलेला असताना पोराने विचारलं, "एक विचारू का? मी नाही म्हटलं आणि गाडी तुमच्या ओळखीची असली, तर कोणाचं चालंल?"

शेठनी खिशातून ती पावती काढून त्याच्या हातात दिली. पोराने पहिली ओळ वाचली, पावती घडी करून परत दिली, आणि त्या दिवशी काही बोलला नाही.

तरीही शेठनी लगेच नेमलं नाही. दुसऱ्या दिवशी पैनगंगा ओलांडून पांढरकवड्याला गेले. पोरगा तिथल्या जिनिंगवर या हंगामात काही दिवस मामाच्या हाताखाली होता. मामाने खुर्ची दिली, जुनं काही काढलं नाही. शेठनीच काढलं, "मामा, चार हजारांसाठी मी तुम्हाला घालवलं." मामा म्हणाला, "जाऊ द्या जी, इथं बरं चाललंय." मग पोराबद्दल सांगितलं. हात चांगला, खोटं बोलत नाही, गोंडी येते. "पण सातनंतर त्याच्यावर टाकू नका. पहाटे पाचला उठणारं पोरगं हाय. संध्याकाळी थकलं की 'हो' म्हणून मोकळं होते."

कुणाही मालकाने विचारून घ्यावी अशी ही माहिती आहे, आणि ती कुठल्याच अर्जात लिहिलेली नसते. शेठनी परत येऊन फाटकाची वेळ बदलली. सातनंतर माल उतरत नाही. आवारात झोपायला जागा, चहा, आणि माल सकाळी. मामाची जुनी पद्धतच होती ती, आता फाटकावर तेलुगू-मराठीत लिहून लावली. रुजू व्हायच्या दिवशी शेठनी पोराला स्वतः फिरवलं. मुकादम, काट्यावरचा पोरगा, फिटर, प्रेसवरची माणसं, कवडी निवडणाऱ्या बाया. प्रत्येकापाशी थांबले आणि विचारलं, याने काय केलं तर तुमचं काम अडतं? बाया आधी हसल्या. मग एकीने सांगितलं की ओला माल आला की हाताला बुरशी लागते, अंगाला खाज सुटते, आणि आजवर कुणाला सांगावं तेच कळत नव्हतं.

हंगामाचं नुकसान भरून आलं नाही. ते त्या वर्षी भरून येणारही नव्हतं.

होळीच्या आदल्या दिवशी शेठनी सोलापूरला फोन लावला. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग शेठ म्हणाले, "नोंदवही वाचली. चुलीत घातली नव्हती." मॅनेजर म्हणाले, "बरं झालं." शेठनी हिशेबाची जागा देऊ केली, पगार तोच. मॅनेजरनी नम्रपणे नको म्हटलं. मुलीला परत जुन्या शाळेत घातलं होतं, तिचं आणखी एक वर्ष मोडायचं नव्हतं. स्वतः सध्या एका किराणा घाऊकवाल्याकडे वह्या लिहीत होते. दोन गिरण्यांत मुलाखत झाली होती, दोन्ही ठिकाणांहून आदिलाबादला फोन गेला होता. शेठना ते फोन आठवले. त्यांनी काय सांगितलं होतं तेही आठवलं.

"शेठजी," मॅनेजर म्हणाले, "ते अनुभवाचं पत्र तेवढं मिळालं असतं तर."

शेठनी मुलाला संगणकावर बसू दिलं नाही. जिनिंगचा छापील कागद घेतला आणि हाताने लिहायला बसले. नेहमीचा मजकूर लिहिला, फाडला. पुन्हा लिहिला. दिवाणजी दारात शिक्का घेऊन उभे होते. तिसऱ्या कागदावर शेठनी लिहिलं की हे गृहस्थ आमच्याकडे ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ नोकरीस होते, त्यांनी प्रत्येक गाडीची खरी नोंद ठेवली, मालकाच्या मर्जीविरुद्ध जाणारीही ठेवली. रुई, गाठी आणि हिशेब यांत त्यांचा हात धरणारा माणूस आम्ही पाहिला नाही. आम्ही त्यांना दिलेलं काम वेगळं होतं, ते त्यांना दाखवलं नाही आणि त्यांचा सल्ला ऐकला नाही, चूक आमची आहे.

दिवाणजींनी वाचलं. "शेठजी, शेवटची ओळ ठेवायची?"

"शिक्का त्याच ओळीच्या खाली मारा," शेठ म्हणाले, आणि दोन महिन्यांच्या पगाराचा चेक लिहायला लेखणी पुन्हा उचलली.